सहा महिने म्हणजे किती दिवस?



वरचा प्रश्न कोणी तुम्हाला मेसमध्ये विचारला, तर ताटातून मान वर न करता तुम्ही 'एकशे ऐंशी' असं सांगाल. मीही तसंच सांगितलं होतं. इंजिनीअरिंगला असून एवढा साधा हिशेब मी कॅलेंडर काढून मोजला नाही, आणि त्यापायी आमच्या आई-बाबांचे परदेशातले शेवटचे दोन दिवस विम्याशिवाय जाणार होते. वेळेवर लक्षात आलं म्हणून बरं! त्या निमित्तानं मी जे वाचलं, विचारलं, चुकले आणि शिकले, ते इथे लिहीत आहे.

विषय रुक्ष आहे हे कबूल. पण आपल्या हॉस्टेलवर अशा कितीतरी जणी आणि जण आहेत, ज्यांचे दादा-ताई बाहेर आहेत आणि आई-वडील आज ना उद्या तिकडे जाणार आहेत. स्टाफमधल्या काही सरांची आणि मॅडमची मुलं परदेशी आहेत. शिवाय आपल्यापैकी काहीजण एमएस किंवा इंटर्नशिपसाठी स्वतःच निघणार आहेत. तेव्हा कविता आणि चारोळ्यांच्या मधे एवढा एक लेख सहन करा.

काम माझ्याकडे कसं आलं?

ऑगस्ट २०२४ ची गोष्ट. माझी ताई न्यू जर्सीत असते. तिला नोव्हेंबरमध्ये बाळ होणार होतं. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी करतात. ताईला इकडे येणं शक्य नव्हतं, मग माहेरच तिकडे जाणार असं ठरलं. व्हिसा आधीच झाला होता. दाजींनी तिकिटं काढली. १ ऑक्टोबरला मुंबईहून निघायचं आणि ३१ मार्चला मुंबईत परत. आईची बॅग भरायला सुरुवात झाली. उरला फक्त विमा.

बाबा तेव्हा ६३ वर्षांचे, आई ५८ ची. बाबांना आठ वर्षांपासून ब्लडप्रेशर आहे, रोज सकाळी एक गोळी. आई गुडघे सोडले तर ठणठणीत. विम्याचे कागद सगळे इंग्रजीत, म्हणून बाबा फोनवर म्हणाले, "तू कॉन्व्हेंटची. तूच वाच आणि आम्हाला सांग."

मला वाटलं, त्यात काय एवढं! पॉलिसीची चाळीस पानं उघडली आणि कळलं की इंग्रजी येणं वेगळं आणि विम्याचं इंग्रजी येणं वेगळं. प्रत्येक शब्द ओळखीचा, पण पूर्ण वाक्य वाचलं की काही हाती लागायचं नाही. सबमिशनच्या आठवड्यात मी जर्नल बाजूला ठेवून पेन्सिलीनं त्या पानांवर खुणा करत बसले होते. रूममेट म्हणाली, "एवढा अभ्यास मॅथ्स थ्रीचा केला असतास तर..."

मुळात विमा हवाच कशाला?

बाबांचा पहिला प्रश्न हाच होता. "आपली मेडिक्लेम आहे ना?" आहे. पण आपल्या इथल्या बहुतेक मेडिक्लेम पॉलिसी फक्त भारतात घेतलेल्या उपचारांचे पैसे देतात. आमचीही तशीच निघाली.

अमेरिकेच्या व्हिजिटर व्हिसासाठी विमा सक्तीचा नाही, त्यामुळे बरेचजण तो घेतच नाहीत. तिकडे म्हाताऱ्या माणसांसाठी मेडिकेअर नावाची सरकारी योजना आहे, पण ती पाहुण्यांसाठी नाही. बाबांना कोणीतरी अशीही भीती घातली होती की विमा नसेल तर हॉस्पिटल दारातूनच परत पाठवतं. ते खरं नाही. १९८६ मध्ये अमेरिकेत एमटाला नावाचा कायदा झाला. मेडिकेअरचे पैसे घेणाऱ्या हॉस्पिटलांना तो लागू आहे, आणि बहुतेक हॉस्पिटलं ते घेतात. त्यानुसार इमर्जन्सी विभागात आलेल्या माणसाकडे पैसे आहेत की नाहीत हे न बघता त्याला तपासावं लागतं आणि त्याची प्रकृती स्थिर करावी लागते.

म्हणजे उपचार मिळतात. पण ते फुकट नसतात. नंतर पोस्टानं बिलं येतात, आणि तीही एक नाही. हॉस्पिटलचं वेगळं, डॉक्टरचं वेगळं, स्कॅन वाचणाऱ्या डॉक्टरचं वेगळं, अँब्युलन्सचं वेगळं. आणि ही बिलं बाबांच्या नाही, तर ताई-दाजींच्या पत्त्यावर येणार. आपण परदेशी जाताना विमा घेतो तो फक्त स्वतःसाठी नाही, तर ज्याच्या घरी राहणार आहोत त्याच्यासाठीही घेतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा पटलं.

मोठी टाकी, छोटा नळ

पॉलिसीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात एक आकडा असतो. ५०,००० डॉलर, १,००,००० डॉलर, ५,००,००० डॉलर. यालाच विम्याची रक्कम म्हणतात. मीही आधी फक्त हाच आकडा आणि प्रीमियम बघत होते. सामान हरवणे, विमान लेट होणे, पासपोर्ट हरवणे अशा गोष्टीही त्यात असतात, पण त्या ताटातल्या लोणच्यासारख्या. जेवण म्हणजे आजारपणाचा खर्च. तिथे तीन शब्द नीट समजून घ्यावे लागतात.

पहिला शब्द डिडक्टिबल. म्हणजे प्रत्येक क्लेममधली सुरुवातीची ठरावीक रक्कम, जी आपणच भरायची. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना हे लगेच कळेल. सिलिकॉन डायोड साधारण ०.७ व्होल्टच्या खाली कंडक्ट करत नाही, तसा डिडक्टिबलच्या खाली विमा कंडक्ट करत नाही! १०० डॉलर डिडक्टिबल असेल आणि बिल ८० डॉलरचं असेल, तर कंपनी काहीच देणार नाही. ही रक्कम प्रत्येक आजाराला वेगळी कापणार की पूर्ण मुदतीत एकदाच, हेही बघावे. डिडक्टिबल जास्त घेतला तर प्रीमियम कमी होतो.

दुसरा शब्द सबलिमिट. आपल्या हॉस्टेलच्या गच्चीवरची टाकी कितीही मोठी असो, आंघोळीला पाणी मिळतं ते अर्ध्या इंचाच्या नळातूनच. सबलिमिट म्हणजे तो नळ. वय साठीच्या पुढे गेलं की अनेक पॉलिसींमध्ये खोलीला रोज इतके, आयसीयूला रोज इतके, ऑपरेशनला इतके अशा मर्यादा लागतात. उदाहरण घेऊ. समजा पॉलिसी ५०,००० डॉलरची आहे, खोलीची मर्यादा रोज १,५०० डॉलर, डिडक्टिबल १०० डॉलर. हॉस्पिटलनं खोलीचे रोज ४,००० प्रमाणे दोन दिवसांचे ८,००० डॉलर लावले. कंपनी ३,००० धरणार, त्यातून १०० कापणार आणि २,९०० देणार. उरलेले ५,१०० डॉलर आपल्या खिशातून. हिशेबासाठी डॉलर ९० रुपयांचा धरला तर ४ लाख ५९ हजार रुपये झाले. टाकी भरलेली आहे, पण बादली रिकामी.

तिसरा शब्द को-इन्शुरन्स. डिडक्टिबल झाल्यावर उरलेल्या बिलात कंपनीचे किती टक्के आणि आपले किती, याची वाटणी. अमेरिकन कंपन्यांच्या पॉलिसींमध्ये हा शब्द हमखास दिसतो.

यावरून माझा नियम असा झाला आहे की पॉलिसी शेवटाकडून वाचावी. आधी 'काय मिळणार नाही' ते पान, मग मर्यादांचा तक्ता, आणि सगळ्यात शेवटी पहिल्या पानावरचा मोठा आकडा.

तो एक प्रश्न

आता खरी गोष्ट. प्रपोजल फॉर्मवर एक प्रश्न असतो: आधीपासूनचा काही आजार आहे का? पुढे 'हो' आणि 'नाही' असे दोन चौकोन.

आमच्या ओळखीच्या एका एजंटकाकांना मी फोन केला. म्हटलं, "काका, बाबांना बीपी आहे." ते हसले. "अगं, साठीच्या पुढं बीपी कुणाला नसतं? एका गोळीचं बीपी म्हणजे आजार नव्हे. 'नाही' लिही. 'हो' लिहिलंस तर प्रीमियम वाढेल, मेडिकल करायला लावतील, नसती भानगड."

मी 'नाही'वर खूण केली. हे लिहायला मला लाज वाटते, पण केली. पैसे वाचत होते आणि दिवस कमी होते. शिवाय मोठ्या माणसानंच सांगितलं होतं.

शनिवारी मी फॉर्मचा प्रिंट घेऊन सही घ्यायला कराडला गेले. बाबांनी चष्मा लावला. त्यांचं इंग्रजी बेताचं आहे, पण ते सही करण्याआधी प्रत्येक ओळीवर बोट ठेवून वाचतात. त्या प्रश्नावर त्यांचं बोट थांबलं.

"माझी गोळी कुठे लिहिलीस?"

"नाही लिहिली. काका म्हणाले गरज नाही."

बाबा रागावले नाहीत. थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "उद्या तिकडं मला काही झालं आणि डॉक्टरनं विचारलं कुठल्या गोळ्या घेता, तर मी काय सांगू? खरं सांगितलं तर हा कागद खोटा. आणि कागद खरा करायचा तर डॉक्टरशी खोटं बोलायचं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. चाळीस पानं पेन्सिलीनं वाचूनही मला जे दिसलं नव्हतं, ते त्यांना एका चौकोनात दिसलं. मी फॉर्म फाडला.

मागाहून मी याचा नियम शोधला. विम्याचा करार परम विश्वासाच्या तत्त्वावर उभा असतो. आपल्या शरीराबद्दल आपल्याला माहीत असतं, कंपनीला नसतं. म्हणून जे महत्त्वाचं आहे ते सांगण्याची जबाबदारी आपली. ते लपवलं तर कंपनी क्लेम नाकारू शकते आणि पॉलिसी रद्दही करू शकते. सही एजंटची नसते, आपली असते.

आणि 'आठ वर्षांपूर्वीचं निदान, आता जुनं झालं' ही पळवाटही चालत नाही. आपल्या विमा नियामकाच्या म्हणजे आयआरडीएआयच्या व्याख्येप्रमाणे पॉलिसी सुरू होण्याआधीच्या ३६ महिन्यांत ज्याचं निदान झालं, किंवा ज्यासाठी डॉक्टरांचा सल्ला अथवा उपचार घेतला, तो आधीपासूनचा आजार. (२०२४ पूर्वी ही मुदत ४८ महिने होती.) रोज सकाळची गोळी म्हणजे चालू उपचारच की! बीपी आठ वर्षांचं असो वा वीस वर्षांचं, ते त्यात येतं.

मग 'हो' लिहून मिळतं काय? इथे गैरसमज नको. 'हो' लिहिलं म्हणून बीपीच्या उपचारांचे पैसे मिळतात असं नाही. प्रवास विम्यात आधीपासूनचा आजार साधारणपणे वगळलेलाच असतो. काही पॉलिसी जिवावर बेतलं तर प्रकृती स्थिर होईपर्यंतचा खर्च ठरावीक मर्यादेत देतात. अमेरिकन पॉलिसींमध्ये त्यासाठी 'अॅक्यूट ऑनसेट' असे शब्द असतात, म्हणजे जुन्या आजारानं अचानक आणि आधी काही सूचना न देता उचल खाल्ली तर. त्यालाही वयाची आणि रकमेची अट असते. 'हो' लिहिल्यानं मिळतं ते एवढंच की बाकीच्या सगळ्या गोष्टींसाठीचा करार खरा राहतो. पाय मोडला, न्यूमोनिया झाला, अपेंडिक्स निघालं, तर 'तुम्ही आमच्यापासून लपवलंत' असं बोट कोणी दाखवू शकत नाही.

आमच्याकडून कंपनीनं बाबांचा ईसीजी आणि रक्ताचे रिपोर्ट मागवले, प्रीमियम वाढवला आणि पॉलिसी दिली. नसती भानगड म्हणाल तर दोन सकाळी लॅबमध्ये गेल्या, एवढीच.

१८२ दिवस

नवा फॉर्म भरताना जाण्याची आणि येण्याची तारीख टाकली तर पुढे जाईचना. 'मुदत जास्त आहे' असा संदेश येत होता. मला वाटलं साइट बिघडली. शेवटी कॅलेंडर घेऊन बसले. ऑक्टोबर ३१, नोव्हेंबर ३०, डिसेंबर ३१, जानेवारी ३१, फेब्रुवारी २८, मार्च ३१. बेरीज १८२! आणि ती पॉलिसी एका प्रवासाला जास्तीत जास्त १८० दिवसांची होती. आधीच्या फॉर्ममध्ये मी येण्याची तारीख न टाकता नुसते 'एकशे ऐंशी दिवस' निवडले होते, म्हणून ते तेव्हा कळलंच नाही. ती पॉलिसी घेतली असती तर ३० आणि ३१ मार्च, म्हणजे नेमके सामान उचलण्याचे, विमानात चौदा-पंधरा तास बसण्याचे दिवस उघडे राहिले असते.

मुदत वाढवता येते, पण त्याचे नियम आहेत. सहसा पॉलिसी संपण्याच्या आधी अर्ज करावा लागतो, आणि मधल्या काळात क्लेम केला असेल किंवा तब्येत बिघडली असेल तर कंपनी नाही म्हणू शकते. म्हणजे जेव्हा सगळ्यात जास्त गरज असते, तेव्हाच मुदतवाढ मिळण्याची खात्री नसते. तिकडून ऐनवेळी करू, यावर विसंबू नये.

मी दाजींना फोन केला. त्यांनी परतीची तारीख दोन दिवस अलीकडे घेतली, २९ मार्च. आई तर खूशच झाली, कारण ३० मार्च २०२५ ला गुढीपाडवा होता आणि तो चुकणार म्हणून ती आधीच कुरकुरत होती.

इकडची की तिकडची?

हा प्रश्न सगळेच विचारतात. भारतीय कंपनीची पॉलिसी भारतातून निघण्याआधी घ्यावी लागते. पैसे रुपयांत भरायचे, कटकट झाली तर दाद मागायला आपल्याच देशात जागा आहे. अमेरिकन कंपन्यांची व्हिजिटर पॉलिसी तिकडे पोहोचल्यावरही घेता येते, आणि त्यांच्या चांगल्या पॉलिसींना हॉस्पिटलांचं नेटवर्क असतं, त्यामुळे बिल परस्पर कंपनीकडे जाण्याची शक्यता जास्त. पण त्यातही दोन जाती आहेत. 'फिक्स्ड बेनिफिट' म्हणजे प्रत्येक गोष्टीला ठरलेली रक्कम, बिल कितीही असो. ती स्वस्त असते, आणि का स्वस्त असते ते वरच्या नळाच्या उदाहरणावरून कळेल. 'कॉम्प्रिहेन्सिव्ह' महाग, पण डिडक्टिबलनंतर बिलाचा बराचसा भाग देते. दोन्हीकडे बघायचे प्रश्न मात्र तेच. आम्ही इकडची घेतली, कारण बाबांना समोर बसून प्रश्न विचारता येतील असं ऑफिस हवं होतं.

जानेवारीतला फोन

नोव्हेंबरात भाची झाली. सगळं छान चाललं होतं. जानेवारीत एके रात्री माझी परीक्षा तोंडावर असताना ताईचा फोन आला. बाबांना पहाटे बाथरूममध्ये चक्कर आली होती, ते पडले आणि कपाळ बेसिनच्या कडेवर आपटलं. दाजी त्यांना घेऊन इमर्जन्सीला गेले होते.

तिथे डॉक्टरांनी पहिला प्रश्न काय विचारला असेल? कुठल्या गोळ्या घेता! दाजींनी सांगितलं की बाबांनी खिशातून प्लास्टिकच्या पिशवीतलं प्रिस्क्रिप्शन काढून दिलं आणि मोडक्या इंग्रजीत 'एट इयर्स' असं स्वतःच सांगितलं. मला कराडची ती शनिवारची दुपार आठवली आणि फोन हातात धरून मी कॉरिडॉरमध्येच खाली बसले.

कपाळाला टाके पडले, डोक्याचा सीटी स्कॅन झाला. तो नॉर्मल निघाला. दाजींनी हॉस्पिटलमधूनच पॉलिसी कार्डावरच्या मदत क्रमांकावर फोन करून केस नंबर घेतला होता. हे फार महत्त्वाचं आहे. कंपनीला कळवायची मुदत पॉलिसीत दिलेली असते, आणि ती बऱ्याचदा तासांत मोजलेली असते. बाबांना अॅडमिट केलं नसल्यानं कॅशलेस झालं नाही. बिलं भरून नंतर पैसे मागायचे असं ठरलं.

बिलं तीन पत्त्यांवरून आली आणि मिळून चार आकडी डॉलर झाली. कंपनीनं तपशीलवार बिलं, डॉक्टरांचा रिपोर्ट, पासपोर्ट आणि तिकिटांच्या प्रती मागितल्या. आणि त्याबरोबर आणखी एक गोष्ट मागितली: बाबांच्या कराडच्या डॉक्टरांची जुनी प्रिस्क्रिप्शनं. आम्ही ती निर्धास्तपणे पाठवली, कारण त्यांत जे होतं तेच फॉर्मवर होतं. चौकोन तसाच 'नाही' राहिला असता, तर हेच कागद आमच्याविरुद्ध पुरावा झाले असते.

जवळजवळ तीन महिन्यांनी निकाल आला. जखम, टाके आणि स्कॅनचा खर्च डिडक्टिबल कापून मिळाला. त्यानंतर बीपीची गोळी बदलण्यासाठी डॉक्टरकडे गेलो ती फी आणि त्याच्या तपासण्या मिळाल्या नाहीत, कारण तो जुना आजार. वाईट वाटलं का? थोडं वाटलं. पण आम्हाला आधीच माहीत होतं. पॉलिसीत लिहिलं होतं तसंच झालं, आणि माझ्या मते चांगल्या विम्याची हीच खूण आहे.

आमचं निभावलं, पण प्रत्येकाचं निभावेलच असं नाही. कंपनीनं चुकीचा नकार दिला असं वाटलं, तर आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. आयआरडीएआयच्या 'बीमा भरोसा'वरही ती नोंदवता येते. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. महाराष्ट्रात मुंबई आणि पुण्याला त्यांची कार्यालये आहेत. फी नाही, वकील लागत नाही. नकार मिळाल्यापासून एक वर्षाच्या आत जावं लागतं आणि ५० लाख रुपयांपर्यंतचे दावे तिथे चालतात.

आपल्यापैकी जे जाणार आहेत त्यांच्यासाठी

देश बदलला की नियम बदलतात. मुख्य मुख्य सांगते.

युरोपातल्या शेंगेन देशांच्या अल्प मुदतीच्या व्हिसासाठी (१८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत) विमा सक्तीचा आहे. किमान ३०,००० युरो, सर्व शेंगेन देशांत चालणारा, आणि त्यात तातडीचे उपचार व मायदेशी परत आणण्याचा खर्च हवाच. जर्मनीत पदवीसाठी प्रवेश घेणाऱ्या तिशीच्या आतल्या विद्यार्थ्याला तिथला सरकारी आरोग्य विमा घ्यावा लागतो. इथून नेलेला प्रवास विमा फक्त सुरुवातीच्या दिवसांपुरता.

अमेरिकेत जे-वन व्हिसावर जाणाऱ्यांना प्रत्येक आजार किंवा अपघातासाठी किमान १,००,००० डॉलर, उपचारांसाठी हलवण्याचा खर्च ५०,००० डॉलर, मृत्यू झाल्यास पार्थिव परत आणण्याचा खर्च २५,००० डॉलर, आणि डिडक्टिबल ५०० डॉलरपेक्षा जास्त नको, असा नियम आहे. एफ-वनवाल्यांना अट घालते ती त्यांची युनिव्हर्सिटी. बऱ्याच युनिव्हर्सिटी आपलाच विमा घ्यायला लावतात, आणि आपण बाहेरून घेतलेला त्यांच्या अटींत बसला तरच सूट देतात. म्हणून इथून वर्षभराची पॉलिसी घेऊन टाकण्याआधी युनिव्हर्सिटीला विचारावे.

इंग्लंडमध्ये सहा महिन्यांहून जास्त शिकायला जाणाऱ्यांना व्हिसाबरोबर आरोग्य अधिभार भरावा लागतो. फेब्रुवारी २०२४ पासून विद्यार्थ्यांसाठी तो वर्षाला ७७६ पौंड आहे. त्यावर तिथली सरकारी आरोग्यसेवा मिळते, पण सामान हरवणं किंवा आजारपणात मायदेशी परत येण्याचा खर्च त्यात येत नाही.

आणि ज्यांची मुलं कॅनडात स्थायिक आहेत त्या सर-मॅडमसाठी: आई-वडिलांच्या सुपर व्हिसाला किमान १,००,००० कॅनेडियन डॉलरचा आणि निदान एक वर्ष मुदतीचा आरोग्य विमा लागतो.

वहीत उतरवून घ्यावं असं

१. दिवस कॅलेंडरवर मोजावेत, जाण्याचा आणि येण्याचा दिवस धरून.

२. 'काय मिळणार नाही' हे पान सगळ्यात आधी वाचावे.

३. डिडक्टिबल, सबलिमिट, को-इन्शुरन्स हे तीन आकडे एका कागदावर लिहून एक काल्पनिक बिल सोडवून बघावे. पॉलिसी कळली की नाही ते तिथेच कळतं.

४. फॉर्म स्वतः भरावा. एजंटनं भरला तर सहीआधी ओळन्‌ओळ वाचावी.

५. डॉक्टरांकडून औषधांची यादी इंग्रजीत, कंपनीच्या नावानं नव्हे तर मूळ औषधाच्या नावानं लिहून घ्यावी. आपलं पॅरासिटामॉलसुद्धा अमेरिकेत अॅसिटअमिनोफेन या नावानं ओळखलं जातं!

६. पॉलिसी क्रमांक आणि मदत क्रमांक जाणाऱ्याच्या खिशात, तिकडच्या घरच्या फ्रीजवर आणि इकडे आपल्याकडे, असा तीन ठिकाणी ठेवावा.

७. काही झालं तर आधी उपचार, लगेच फोन, आणि प्रत्येक कागदाची प्रत.

या सातपैकी सहा गोष्टी मी पॉलिसी वाचून आणि चार लोकांना विचारून शिकले. चौथी शिकवली बाबांनी, चष्मा लावून आणि ओळीवर बोट ठेवून.

२९ मार्चला दोघं मुंबईत उतरले आणि रात्री कराडला पोहोचले. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी नेहमीप्रमाणे आधी गोळी घेतली आणि मग गुढी उभारली. कपाळावरची खूण अजून दिसते. कोणी विचारलं की ते सांगतात, "अमेरिकेची आठवण." आणि माझ्याकडे बघून हसतात.